हळदीला गेलेला संघ

फुटबॉल संघात नियमित हजेरी एकाचीच होती... प्रशिक्षक वैष्णवीच्या रागाची. तो रोज साडेचारला मैदानावर हजर. माहीम गावची दहा वर्षांखालची पोरं मात्र कधी मैदानभर, कधी मूठभर.

त्या दिवशी एकटी स्वाती आली होती. स्वातीने आजवर एकही सराव चुकवला नव्हता. चेंडू मात्र प्रत्येक चुकवला होता.

"बाकीचे कुठे मेले?"

"हळदीला, ताई."

"आणि परवा?"

"हळदीला. पण ती दुसरी हळद."

पुढच्या रविवारी बोईसरला सामना. संघ उतरला नाही तर मैदान क्रिकेटवाल्यांना द्यायचं, असं गावात ठरून गेलं होतं. आणि संघ नाचतोय! वाडीतून बँजोचा आवाज आला तशी वैष्णवी तरातरा निघाली. मांडवात तिचा गोलरक्षक बबलू, मैदानावर हात वर करायला लाजणारा, दोन्ही हात आभाळाला लावून नाचत होता. समोर बँजो पार्टीतला, ड्रमचं पॅड बडवणारा तरुण पोरांना आणखी चढवत होता.

तिने शिट्टी फुंकली. बँजो थांबला. नवरदेवाच्या गालाकडे निघालेला वाडीतल्या राहीबाईंचा हळदीचा हात वाटेतच थांबला.

"कोण रे तू?"

"कुशल. पार्टी आमचीच हाय." त्याने घाम पुसला, कपाळावर पिवळा पट्टा ओढला गेला. "शिट्टी मस्त वाजवता, मॅडम. सुरात हाय."

"माझी पोरं पळवतोस?"

"मी नाय पळवली. नाचत आली."

"सरावाला नाही आला तो रविवारी बाहेर बसेल. एकूण एक बसेल!"

"मंग खेळणार कोण? तुमी नि मी?"

मांडव हसला. वैष्णवीचे कान लाल झाले. तो मात्र हसला नाही, जरा खाली वाकून म्हणाला, "हळदीची तारीख मोठ्यांनी काढली. पोरं घरात कोंडून कोण येतं हळदीला? नि शिक्षा पोरांना?"

त्याचं म्हणणं खरं होतं. संध्याकाळचा सगळ्यात मोठा राग तिला त्याचाच आला.

दुसऱ्या दिवशी रागातच ती घरोघरी फिरली. 'का येत नाही' असं तिने आजवर दरडावून विचारलं होतं. आता बसून विचारलं. मग सराव बदलला. तीन आली तर तिघांचा खेळ, दहा आली तर दहांचा. सामन्यात सगळ्यांना सारखा वेळ.

आणि नवल म्हणजे पोरं वाढू लागली. इतकी, की तिला संशय आला. उलगडा राहीबाईंनी केला, भर बाजारात.

"तुज्या फुटबॉलपायी आमच्या पुतणीची हळद सुकली गो! तो कुशल्या सांगतो, सराव सुटल्याबिगर बँजो सुरू होणार नाय. दोघांनी त्याची वाजवायची सुपारी परत घेतली, कळलं?"

वैष्णवी भाजी तिथेच विसरली.

रविवारी बोईसरला संघ उतरला आणि पाच गोलांनी हरला. स्वाती अर्धा सामना खेळली; एकदा तर चेंडूच तिला येऊन लागला. पोरं जिंकल्यासारखी ओरडली. मैदान वाचलं.

कुशल मैदानाकडेच्या सुरूच्या झाडाखाली उभा होता. ती सरळ त्याच्यावर चालून गेली.

"सुपाऱ्या गेल्या तुझ्या! कोणी सांगितलं होतं हे?"

"कोणी नाय."

"मग कशाला केलंस?"

"साडेचारला तुमी मैदानावर एकट्या उभ्या दिसायच्या..." तो पहिल्यांदाच अडखळला. "बगवत नव्हतं."

वारा आला. सुरूची बारीक पानं तिच्या केसांत पडली. त्याने हात पुढे केला... आणि घाबरून मागे घेतला.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. आवाज रागाचाच होता; राग मात्र कुठेतरी गैरहजर. "यापुढे कुठल्याही हळदीला सराव थांबणार नाही. फक्त एका हळदीला सुट्टी देईन."

"कोणाच्या?"

"डोकं आहे की नुसतंच पॅड? आणि त्या दिवशी वाजवायला दुसरी पार्टी बघ. नवरदेवाने पाटावर बसायचं असतं."

कुशलने पुन्हा हात पुढे केला; या वेळी मागे घेतला नाही.