उघडे टाके, झाकलेले टाके

“दुखत नाही का हो, अशी उघडी?”

मी चमकून वळले. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला तरुण माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता. चांगलं सुनावणार होते मी... पण तो तर टाके बघत होता!

गळ्यातली गाठ काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझी पट्टी दुसऱ्याच दिवशी उतरवली होती. आईने तेव्हापासून धसकाच घेतला होता.

“दुखत नाही. लोक बघतात, तेच टोचतं,” मी म्हटलं. “तुमची झाकलेली जखम खाजत नाही?”

“जीव जातो!” त्याने बँडेज गुंडाळलेलं मनगट उचललं. “सुतार आहे मी. बोटं बधिर व्हायची, म्हणून मनगटाचं ऑपरेशन. माझे डॉक्टर पट्टीला हातही लावू देत नाहीत.”

“मग आधी कोणाची भरणार?”

“लावता पैज?” तो मिश्कील हसला.

मग काय, दर भेटीला तपासणी! पैजेची गोष्ट नर्सताईंनाही कळली. तो मान वाकडी करून माझे टाके न्याहाळायचा. त्याची पट्टी बघून मी नुसते अंदाज बांधायचे... आणि घरी आले की तो का आठवतो, याचेही.

त्याचे टाके काढायच्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

“आत याल?” तो हळूच म्हणाला. “माझ्याने बघवणार नाही. करवत-पटाशी धरता आली नाही तर—”

मी गेले. नर्सताईंनी पट्टी सोडली. तो माझ्याकडे बघत होता, मी मनगटाकडे.

“सांगा ना... कशी आहे?”

“बारीक रेघ. अगदी माझ्यासारखी.”

“म्हणजे पैज बरोबरीत,” नर्सताई हसल्या. “झाका नाहीतर उघडी ठेवा, जखम स्वच्छ राहिली की बहुतेक भरतेच. आता काहीतरी धरून दाखवा बघू.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं... आणि माझा हात धरला. बोटं थरथरली, सैल पडली, पुन्हा मिटली.

“जोर कमी आहे अजून,” तो पुटपुटला.

“रोज सराव करा, येईल,” नर्सताई म्हणाल्या.

“रोज... चालेल तुम्हाला?”

माझे कान तापले. “आईला विचारावं लागेल. बाहेरच बसलीये.”

“मग चला, विचारू,” तो उठला. हात काही सोडला नाही.

मीही नाही.