शून्याखालचा थेंब

मंगळावरच्या गेरूवाडी वस्तीत सगळ्यात कोरडी आणि ऊबदार खोली कुमुद केळुसकरांची. वस्तीतल्या अठ्ठेचाळीस माणसांच्या मूत्रपिंडांची खबर ठेवणाऱ्या, थेंबातला युरिया मोजणाऱ्या शुष्कपट्ट्या त्या तिथे बनवत. फिल्मवर एक थर चढवायचा, वाळवायचा, मग दुसरा. हवेत जरा दमटपणा आला की ताईंचा पारा चढे. अकरा वर्षं हेच काम, आणि त्या त्यात सुखी होत्या.

त्या सकाळी फरशीच ओली झाली.

"माझी एकही नळी इथून जात नाही, ताई," फरशीची सांध न्याहाळत जलप्रमुख बाविस्कर म्हणाले.

"मग पाणी काय चालत आलं?" ताईंनी एक पट्टी ओलीवर टेकवली. "मोरीचं असेल तर युरिया भरपूर दिसेल, टाकीचं असेल तर शून्य."

वाचकयंत्राने आकडा दाखवला: उणे तीन.

बाविस्कर चपापले. "नसण्यापेक्षाही कमी? हे मला वर कळवावं लागेल. पट्ट्याच चुकत असतील तर ही खोली बंद होईल, आणि तुम्हाला परवाच्या यानाने पृथ्वीवर जावं लागेल."

पृथ्वीवर ताईंना आता करमणार नव्हतं.

"बघा," त्या म्हणाल्या, "वरचा थर थेंब एकसारखा पसरवतो. मधल्या थरातलं विकर, म्हणजे एन्झाइम, युरियापासून अमोनिया करतं. अमोनियाने खालचा पिवळा थर निळा होतो. जितका युरिया तितका निळा. यात चुकायला जागा कुठे आहे?"

"विकर मेलं असेल."

ताईंनी त्याच पाण्यात मोजून युरिया घातला. पट्टी छान निळी झाली. विकर ठणठणीत होतं. मग त्यांनी गेल्या महिन्याची पट्टी काढून फरशीवरच्या ओलीला लावली, तीही उणे तीनच म्हणाली.

बाविस्करांनी डोकं खाजवलं. "तुम्ही शून्य लावता कशाने?"

"टाकीतल्या पाण्याने. इथे दुसरं पाणी आहे का?"

एवढं बोलून ताई थबकल्या. टाकीतलं पाणी म्हणजे वस्तीचाच घाम आणि मूत्र, अकरा वर्षं पुन्हा पुन्हा गाळलेलं. कितीही गाळलं तरी युरियाचा अंश उरणारच. तो अंशच त्या शून्य धरत आल्या होत्या.

"बाविस्कर," त्या सावकाश म्हणाल्या, "हे पाणी आजवर कुणाच्याच पोटातून गेलेलं नाही."

बाविस्करांनी ऊबदार फरशीवर हात ठेवला. अकरा वर्षं इथे वाळवणयंत्र रोज तापत होतं, आणि खालचं बर्फ गुपचूप वितळत आलं होतं. ते बराच वेळ हसत राहिले.

"खोली मात्र बंदच करावी लागणार, ताई."

"आता का?"

"इथे विहीर खणायची आहे."

"खणा. मला दुसरी खोली द्या, आणि विहिरीचा पहिला पेला माझा."

"प्यायला?"

"छे," ताई म्हणाल्या. "शून्य नीट लावायला."