अँकरेजच्या तळ्यावर

ते मैदान नव्हतं, तळं होतं. हे उर्वीला कळलं तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गार पाण्यात गेला होता.

"आई गं!"

"डोन्ट मूव्ह!" पांढऱ्या पसाऱ्यातून एक उंच माणूस धावत आला. काखेत हात घालून त्यानं तिला वर ओढलं आणि मग थबकलाच. "आई गं म्हणालीस? तू... मराठी आहेस?"

ओळख ना पाळख, आणि सरळ 'तू'! उर्वी कुडकुडत बर्फावर बसली.

"माझंच भोक आहे ते. मासे पकडायला पाडलं. सॉरी... वर पातळ बर्फ धरला असणार." त्यानं बॅगेतून लोकरीचा मोजा काढला. "हे घाल. धुतलेली आहे."

"धुतलेला," ती नकळत म्हणाली.

"धुतलेला." त्यानं शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं. "मी ईशान."

ईशान अँकरेजमध्येच वाढलेला. वडील डॉक्टर म्हणून तिथं आले ते कायमचेच. तो हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. मराठी फक्त आईकडून शिकलेला, आणि आई त्याला 'तू' म्हणायची, म्हणून तो जगाला 'तू' म्हणायचा.

"इथं कोणाकडे आलीस?"

"नवऱ्याबरोबर आले होते. नोव्हेंबरमध्ये... ऑफिसातून येताना गाडी घसरली त्याची."

सांत्वनाची वाक्यं ऐकून ऐकून उर्वी विटली होती. ईशाननं फक्त आपली उलटी बादली तिच्याकडे सरकवली. बसायला.

ती जानेवारी २००५ची गोष्ट. नवऱ्याच्या, गिरीशच्या अस्थी चुलतदीर अकोल्याला घेऊन गेले होते. उर्वी मागे राहिली ती घर आवरायला, इन्शुरन्सचं निस्तरायला. गिरीशच्या व्हिसावर आलेली ती... आता गिरीशच नव्हता. वकिलांनी थोडी मुदत मिळवून दिली होती, पण मार्चअखेर निघायचं होतं.

पुढच्या शनिवारी ती मोजा परत करायला गेली. निदान घरातून निघताना तिनं स्वतःला तसंच सांगितलं.

"बघ, शिकवतो," ईशान म्हणाला. हाताच्या गिरमिटानं त्यानं नवं भोक पाडलं. वर तरंगणारा बर्फाचा चुरा काढून टाकला, गळाला कोळंबीचा तुकडा लावला आणि वीतभर काठी तिच्या हातात दिली. "खाली रेनबो ट्राउट आहेत. इथं जन्मत नाहीत हं ते. टँकमध्ये वाढवतात आणि ट्रकनं आणून सोडतात."

"म्हणजे हेही डिपेंडंट व्हिसावर आलेले!"

तो मोठ्यानं हसला. तीही हसली, आणि लगेच ओठ मिटून घेतले. गिरीशला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

त्या रात्री तिला स्वतःची शिसारी आली. पुढच्या शनिवारी जायचं नाही, असं ठरवलं. मग गेली. जाताना स्वयंपाकघरातला झारासुद्धा घेऊन गेली, बर्फाचा चुरा काढायला.

"हे काय आहे?"

"झारा. आम्ही यानं पुऱ्या तळतो."

"पुऱ्या..." त्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं की तिनं घाईनं नजर पाण्याकडे वळवली. "यू आर क्रूअल, उर्वी. उपाशी माणसाला असं सांगतात?"

फेब्रुवारीत तिला पहिला मासा लागला. काठी वाकली, हाताला हिसका बसला. "हळू... हळू... आता ओढ!" ईशान ओरडला, आणि अंगावर गुलाबी पट्टा असलेला ट्राउट बर्फावर तडफडू लागला. उर्वी टाळ्या पिटत हसली. मग तोंडाची उघडझाप करणाऱ्या त्या माशाकडे बघता बघता तिला हुंदका फुटला. थांबेचना.

ईशाननं मासा परत पाण्यात सोडला. तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिला. हुंदके ओसरल्यावर ती बोलली.

"दीड वर्ष पण नाही झालं रे लग्नाला. चांगला होता. अजून... ओळखच होत होती आमची."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. मग, "नाही. मला माहीत नाही. पण मी इथं आहे."

मार्चमध्ये बर्फावर पाणी साचायला लागलं. त्या शेवटच्या शनिवारी ईशाननं भोक पाडलंच नाही. गिरमिट हातात धरून नुसता उभा राहिला.

"उर्वी, जाऊ नको. मला लग्न कर."

"'माझ्याशी लग्न कर' म्हणतात," ती म्हणाली.

"माझ्याशी. मी सिटिझन आहे. तुला राहता येईल. आणि मी... आय लव्ह यू. दोन्ही खरं आहे."

"तेच तर! दोन्ही खरं आहे. मला परत जायची भीती वाटते, ईशान. सगळ्यांचे चेहरे, सासूबाईंचे प्रश्न... मला तू हवा आहेस, का फक्त इथं राहायला हवंय, हे मला वेगळं करता येत नाहीये. अशी मी 'हो' कशी म्हणू?"

"मी तिकडे आलो तर?"

"नको ये..." ती थांबली. "असं म्हणणार होते. म्हणवत नाही."

अकोल्यात ती उतरली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. बी.फार्म.ची डिग्री होती. तिला एका मेडिकल स्टोअरमध्ये नोकरी लागली; दुकानाचं नाव तिनं ईशानला ईमेलनं कळवलं. दर रविवारी ती गिरीशच्या आईकडे जायची. "माझ्या पोराला तिकडे ठेवून एकटी आलीस," असं त्या म्हणायच्या. उर्वी ऐकून घ्यायची, त्यांच्या बीपीच्या गोळ्या डबीत भरायची आणि घरी यायची.

जूनमधल्या एका दुपारी काउंटरवर सावली पडली. उन्हानं लालबुंद झालेला ईशान समोर उभा होता.

"शाळेला सुट्टी लागली," तो म्हणाला. "इथं तुला घर आहे, जॉब आहे. माझ्यावाचून तुझं काही अडलेलं नाही. आता विचारू?"

खोकल्याचं औषध मागायला आलेल्या बाई दोघांकडे टकामका पाहत होत्या. उर्वीनं आधी त्यांचं बिल केलं. मग ती काउंटरमागून बाहेर आली.

"हो," ती म्हणाली. "पण आधी एका ठिकाणी जायचंय. तिथं खूप बोलणी बसतील."

"मी येतो."

सासूबाईंनी दार उघडलं. उर्वीनं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "आई, हा ईशान. मी याच्याशी लग्न करणार आहे."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "गिरीशच्या फोटोसमोर जाऊन म्हण हे."

उर्वी आत गेली. फोटोतल्या हसऱ्या गिरीशसमोर तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला रडत. मागे सासूबाई मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून त्यांनी टाहो फोडला. उर्वीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला. तिनं पुन्हा ठेवला. या वेळी त्यांनी राहू दिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. दाराकडे पाहिलं.

"उन्हात काय उभं केलंस त्याला," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आत बोलव."