डाळिंबाच्या बागेतली डिस्क

बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात वृषाली कॉम्प्युटर दुरुस्त करायची. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. बिघाडाला कारण असतंच, ते फक्त शोधावं लागतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

मंगळवारी दुपारी वरकुट्याहून जोतीराम आणि त्यांची बायको प्रयागबाई आले. प्रयागबाईंनी साडीच्या घडीतून एक डिस्क काढली. मधल्या भोकात अजून सुतळी होती.

"ह्यांचं शहाणपण! पाखरं भ्यावीत म्हणून डाळिंबाच्या बागेत टांगली. दोन बहार लोंबत हुती."

"चकाकणारं समदंच टांगलं," जोतीराम खाली बघत म्हणाले. "मला काय ठावं, त्यात पोरगं हाय."

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीच्या, सुप्रियाच्या लग्नात थोरला मुलगा गोकुळ माइकवर उभा होता. येणाऱ्या एकेका पाहुण्याचं नाव पुकारून स्वागत करत होता. आठव्या दिवशी भिगवणजवळ अपघातात गेला. फोटो घरी होते. आवाज तेवढा या डिस्कवर.

"कसा बोलायचा, ते इसरत चाललीया मी," प्रयागबाई म्हणाल्या. "एकदा ऐकीव, बाई."

वृषालीनं डिस्क घातली. पडद्यावर आलं : डिस्क घाला. दुकानातल्या साध्या डिस्क चालत होत्या; ही पुन्हा पुन्हा लिहिता येणारी मात्र ड्राइव्ह ओळखत नव्हता. तिनं लेन्स पुसली. केबल बदलली. दुसरा ड्राइव्ह जोडला. तेच.

मग तिनं डिस्क दिव्याखाली धरली. अशा डिस्कवर जेवढं लिहिलेलं असतं तेवढा पट्टा किंचित काळपट दिसतो. तिनं मोजला. एकोणीस मिलिमीटर. म्हणजे आत काहीतरी होतं.

पुन्हा घातली, काढली. तेवीस.

आपलंच मोजायला चुकलं असेल. तिनं हात पुसून परत मोजलं. तेवीसच. पुढच्या खेपेला सत्तावीस.

तिनं ड्राइव्ह उलटा करून त्याचा नंबर वाचला. तो नुसता वाचणारा होता. त्याला लिहिता येत नव्हतं.

"काय झालं?" जोतीरामांनी विचारलं.

"काही नाही, तात्या. बघते."

चौथ्यांदा डिस्क घातली. पडद्यावर 'डिस्क घाला' तसंच राहिलं. स्पीकर मात्र खरखरला. मांडवातली गलबल, आणि तिच्यावरून एक तरणा, जरा घोगरा आवाज.

"...अंथुर्ण्याच्या शकुबाईंचं मांडवात स्वागत असो. बसून घ्या..."

प्रयागबाईंनी तोंडावर पदर धरला. "त्योच! त्योच हाय!" मग हात थबकला. "पर शकुबाई कुठं आली हुती लग्नाला? पाय मोडून घरात हुती ती."

"आता कशा आहेत?" वृषालीनं विचारलं.

"गेली की. मागल्या म्हयन्यात."

"...मानसिंगरावांचं स्वागत असो..."

"आईतवारी दहावा झाला मानसिंगचा," जोतीराम हळूच म्हणाले. "मॅडम, बंद करा."

वृषालीनं स्पीकरची वायर उपटली. त्याचा दिवा विझला.

आवाज चालूच राहिला.

"...वरकुट्याच्या प्रयागबाई आलेल्या हायत."

प्रयागबाई उठल्या. मांडवाच्या तोंडाशी काढाव्यात तशा त्यांनी चपला काढल्या, पदर सारखा केला.

"कुठं बसू रं?"

गलबल थांबली.

"म्होरं ये, आई. जागा धरलीया."

प्रयागबाई हसल्या. खुर्चीत अलगद बसल्या आणि मान एका बाजूला कलली. वृषालीनं मनगट धरलं. नाडी शोधली. पुन्हा शोधली. गळ्याशी बोटं लावली.

स्पीकरमधून आता काहीच येत नव्हतं.

जोतीराम बायकोकडे बघत उभे होते. मग ते स्पीकरपाशी आले, वाकले आणि त्याला कान लावला.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "जरा म्होरं ढकलून बघता का? माझं नाव हाय का त्यात?"