मतदानाच्या वेळी बाहेर

"ही माझ्या देशाची खुर्ची आहे."

"मग देशाला म्हणावं, जरा उभा राहा. माझ्या पायात गोळा आलाय."

ती फाशी बंद करा म्हणणाऱ्या चळवळीतली, तो फाशी देणाऱ्या एका देशाचा धाकटा अधिकारी. देशोदेशींच्या प्रतिनिधींच्या सभागृहात त्यांची ओळख झाली ती अशी. तो खरंच उभा राहिला. देश बराच वेळ उभा होता.

जगाने फाशी थांबवावी, असा ठराव आठवड्याअखेर मताला येणार होता. त्याला वरून हुकूम होता – विरोध. तिलाही वरून हुकूम होता. चळवळीच्या ताईंनी बजावलं होतं, "मत पडेल तेव्हा त्याला बाहेर काढ. कॉफी पाज, काहीही कर." त्या इमारतीची जुनी रीतच होती. ज्याला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची लाज वाटते, तो नेमका मतदानाच्या वेळी कॉफीला जातो. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा निम्मा इतिहास उपाहारगृहात घडलाय. लिहिणारे मात्र सभागृहात बसलेले.

म्हणून तिने त्याला रोज कॉफी पाजली. सवय लागावी म्हणून. लागली... पण तिला.

तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. तो कपाच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि तिला झोपेतही पाठ असलेले मुद्दे आठवायचे नाहीत.

"चुकून निरपराध माणूस लटकला तर?" तिने एकदा कसंबसं विचारलं.

"माझे वडील तुरुंगात नोकरीला होते," तो म्हणाला. "फाशीच्या दिवशी आमच्या घरी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. चूक कुणाची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही."

मतदानाची घंटा झाली तेव्हा बाहेर पाऊस होता आणि ती खिडकीशी उभी राहून चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होती. तो समोर आला.

"चला, कॉफी..."

"नको!" ती म्हणाली. "मला सांगितलं होतं – तुम्हाला बाहेर काढायला. पहिल्यापासून."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग रोज आलात कशाला?"

"अहो, इतकी वाईट कॉफी माणूस धोरणासाठी पीत नाही."

तिला हसू आलं. "आज आलात, तर कशासाठी आलात हे मला जन्मभर कळणार नाही. जा ना आत... प्लीज."

तो गेला. वरच्या सज्जातून तिने पाहिलं. फलकावर हिरवे, लाल दिवे लागत गेले. त्याच्या देशापुढे काहीच लागलं नाही. तो खुर्चीत बसला होता, मताच्या बटणाला हात न लावता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसेल असा.

ठराव निसटता का होईना, मंजूर झाला. ताई कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत होत्या. ही जिन्यावरून धावली. तो दाराशी होता. खिशात फोन वाजत होता.

"साहेब आहेत. नोकरी बहुधा गेली."

"माझ्यामुळे?"

"छे! ते फाशी थांबावी म्हणून केलं. तुमच्यासाठी जे आहे ते... वेगळं आहे."

फोन थांबला. पुन्हा वाजू लागला.

"आधी तो घ्या," ती म्हणाली.

"आधी तुम्ही ऐका."

"मग लवकर सांगा हो," तिने त्याची बाही घट्ट धरली, "इथे जीव थाऱ्यावर नाहीये माझा."