चार बोटं उंबरठा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ज्याच्यासोबत हे घडलं, तो दत्ताराम माझा सख्खा मावसभाऊ आहे. तो जळेल, पण खोटं बोलणार नाही.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार. भर दुपार. रियाधच्या अल सुलैमधली सुतारकामाची शेड.

चीनमधली एक जुनी व्यापारी पेठ कित्येक वर्षं ओस पडली होती. आता तिथली घरं सावरून पुन्हा दुकानं उघडलीत. तिचाच नमुना रियाधच्या मेळ्यात उभारायचा होता. सगळं लाकूड नवं, फक्त मुख्य दाराचा उंबरठा त्या पेठेतून आणलेला. काळा, गुडघ्याएवढा उंच.

दत्ताराम गुहागरचा, शेडमधला जुना कारागीर. मुख्य दार आपलंच आणि मग फोरमनकीही आपलीच, असं त्याने गावी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

दार मिळालं कादिरला. दाभोळचा, कालचा आलेला.

म्हातारा चिनी उस्ताद मोबाईलमध्ये बोलायचा, मोबाईल हिंदीत सांगायचा. उंबरठ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "पेठेतली माणसं निघून गेली. बाकीचे राहिले. ते पाय उचलत नाहीत, म्हणून हा उंच."

सगळे हसले. दत्तारामच्या मात्र पोटात दुखत होतं.

शुक्रवारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला निघाले.

"दत्ताभाऊ, तुझा चहा झाकून ठेवलाय हां," कादिर जाताना म्हणाला.

त्या गोडव्याने दत्ताराम आणखीच पेटला.

उंबरठ्याला हळदकुंकू लावतात, करवत नाही. त्याला ठाऊक होतं. तरी त्याने तो खाचेतून उपसला, वरून चार बोटं उडवला आणि परत बसवला. दाराखाली फट राहील, बोंब कादिरच्या नावाने होईल.

मशीन बंद केलं.

टक...

आवाज चौकटीच्या पलीकडून आला. पलीकडे काहीच नव्हतं. चौकट शेडच्या मधोमध एकटीच उभी होती.

टक... टक...

लाकडाला कुणाचा तरी पाय अडत होता.

पत्र्यावरची कबुतरं गप्प झाली.

मग... सर्रर्र...

भुशावर दोन रेघा उमटत आल्या. शेजारी शेजारी, पाय घासत चालल्यासारख्या. दत्तारामपर्यंत आल्या... थांबल्या... आणि त्याला वळसा घालून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी उस्तादाने दार तपासलं. उंबरठा अखंड. पूर्वीइतकाच उंच, कुठे जोड नाही. त्याने कादिरची पाठ थोपटली. फोरमनकी तिथेच ठरली.

आणि दत्ताराम स्वतः सांगतो, त्या क्षणीही त्याला भीती वाटली नाही. जळफळाटच झाला.

तेवढ्यात अनिताचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"अहो, आपला उंबरठा कुणी कापला? चार बोटं गेलाय खाली."

"पोरगी कुठाय?"

"पारू? आतल्या खोलीत. मघापासून कुणाशी तरी बोलतेय..."

दत्ताराम मिळेल त्या विमानाने घरी आला. पहिलं काम त्याने काय केलं, तर सागाचा नवा उंबरठा बसवला. गुडघ्याएवढा.

चूक तिथेच झाली, असं मला वाटतं.

परवा मी त्यांच्या अंगणात उभा होतो. पारूला हाक मारली. ती आतून आली... पाय घासत...

उंबरठ्यापाशी थांबली. आणि अंधार पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.