मुकाश उस्ताचे आकडे

शेगडीत अजून कोळसा घाला पोरांनो, आणि मधे बोलू नका. ही हकिकत तोलोगोनची. तारीखसुद्धा त्यानेच सांगितली: १७ जानेवारी २०१९, गुरुवार.

संध्याकाळी सातला तो घरून कारखान्याकडे निघाला. खिशात बाजारातून आणलेली केबल, काखेत बायकोने, बुरुलने, बांधून दिलेले बोर्सोक, तळलेल्या पिठाचे गोळे. गुरुवारी पीठ का तळतात ते तुमच्या आयांना विचारा. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, पण त्यांचं नाव घेतलं तरच.

"नाव घेऊन खा," बुरुल म्हणाली. "नुसतं गिळू नकोस."

"आधी खायला वेळ तर मिळू दे."

कारखाना कसला, एक शेड उरली होती. बाकीचं नव्या मालकाने नटबोल्टांसकट विकलं आणि गावभर सांगत सुटला की सुधारणा चालू आहे. शेडमध्ये लोखंड कापायचं चाळीस वर्षांचं मिलिंग मशीन होतं, मुकाश उस्ताने, म्हणजे आमच्या जुन्या मिस्त्रीने, तीस वर्षं चालवलेलं. मशीनच्या विजेच्या कपाटातल्या जुन्या पाट्या आणि रिले उपसून तोलोगोनने नवा कंट्रोलर बसवला, नव्या मोटारी लावल्या. तीन आठवडे, जवळजवळ एकट्याने. शुक्रवारी नऊ वाजता चाचणी. कापलेल्या तुकड्यात दोन भोकांमधलं अंतर दोन शतांश मिलिमीटरच्या आत आलं तर मशीन राहणार, पाच माणसांची कामं राहणार. नाहीतर भंगार. मालकाने ट्रकसुद्धा सांगून ठेवला होता.

केबल बसली. मशीन चाललं. तोलोगोनने तुकडा कापून मोजला. सहा शतांशाची चूक. दुसरा कापला. पुन्हा सहा.

चौकीदार गेना चहा घेऊन आला. "आता कशाला रडतोय तुझा संगणक?"

"टेबल सरकवणारा स्क्रू झिजलाय. कुठे किती, ते कळल्याशिवाय कंट्रोलरला काय सांगू? मोजायचे ठोकळे मालकाने उन्हाळ्यातच विकले."

"मुकाश उस्ता लिहून ठेवायचा की. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने. दर पाच सेंटीमीटरला किती कमी, किती जास्त. खाली तारीख."

तोलोगोनने कपाटाकडे पाहिलं.

"काय रे?"

"सोमवारी पेट्रोलने पुसलं. वर राखाडी रंग दिला. मालकाला दार नवं दिसायला हवं होतं."

गेनाने दार उघडून पाहिलं. "तीस वर्षांची अक्कल पुसलीस," तो म्हणाला. "रंग मात्र झकास दिलायस." मग जरा मऊ आवाजात, "झोप थोडा. मढ्यासारखा दिसतोयस. मी बाहेरून कुलूप लावतो, सहाला उठवतो."

तोलोगोनने मेन स्विच बंद केला, त्याचा दांडा उपसून खिशात घातला. ही शिस्त उस्ताचीच: दांड्याशिवाय वीज चालू होत नाही. उस्ता जाऊन तीन वर्षं झाली होती. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्याच्या नावाने तेल कोण तापवणार?

तोलोगोन शेगडीपाशी बसला. गाठोडं सोडलं. तीन बोर्सोक पोटात गेले तेव्हा आठवलं, नाव घ्यायचं राहिलं.

"मुकाश उस्ता," तो म्हणाला, "चुकलो."

एक बोर्सोक त्याने मशीनच्या टेबलावर ठेवला. आणि तिथेच, अंगावर कोट ओढून, त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा दोन चाळीस झाले होते. शेगडी विझत आलेली. शेडमध्ये गरम तेलाचा वास...

खिशात हात घातला. दांडा होता. कंट्रोलरचा पडदा काळा होता.

बोर्सोक सरकत होता.

टेबल हलत होतं. मोटारीचा आवाज नाही. नुसता स्क्रू फिरल्याचा, तेलकट, हळू. पाच सेंटीमीटर. थांबलं.

मग कपाटाकडून... खर्र. खर्र.

पत्र्यावर पेन्सिल चालावी तसं.

पुन्हा टेबल. पुन्हा पाच. थांबलं.

खर्र...

तोलोगोनने मोजलं. आठ वेळा. दुसरं काही सुचलंच नाही.

आठव्यानंतर जरा जास्त वेळ खरखर झाली.

मग काही नाही.

सहाला गेनाने बाहेरचं कुलूप काढलं. तोलोगोन कपाटासमोर उभा होता, दार उघडं.

"झोपला नाहीस?"

"हे वाच."

गेनाने वाचलं. टोपी काढली. "हे आत भर," एवढंच म्हणाला.

तोलोगोनने आठही आकडे कंट्रोलरमध्ये भरले. नऊ वाजता तुकडा कापला. एक शतांशाची चूक. मालकाने ट्रक परत धाडला, मशीनवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि दाराच्या आतली घाण पुसून टाकायला सांगितलं. तोलोगोन जन्मात पहिल्यांदा त्याला नाही म्हणाला.

तुम्ही म्हणाल, जुने आकडे त्याला पाठ असतील, झोपेत लिहिले असतील. मीही तेच म्हणालो होतो. तेव्हा त्याने मला नेऊन ते दार दाखवलं. राखाडी रंगावर पेन्सिल. उस्ताचं अक्षर मी वीस वर्षं पाहिलेलं, डावीकडे कललेलं. आठ ओळी, आणि त्यांच्याखाली तारीख, तो नेहमी घालायचा तशी.

१८ जानेवारी २०१९.